‘गोइंग नोव्हेअर फास्ट’ म्हणजे वेगात जाणं नव्हे! वेग आणि प्रगतीचे इंग्रजी वाक्प्रचार तुम्ही कसे शिकलात?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय छोटा वाटेल, पण गेले सहा महिने माझ्या डोक्यात तोच घोळतोय.

माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, व्याकरणही बऱ्यापैकी पक्कं आहे. नव्या कामात मात्र रोज दोन-तीन देशांतल्या लोकांशी फोनवर बोलावं लागतं आणि तिथं मी अवघड शब्दांपाशी नाही, तर साध्या शब्दांपाशी अडते. काम कुठवर आलं, किती वेगानं चाललंय, कुठे थांबलंय, हे सांगणारे जे वाक्प्रचार असतात ना, ते. कामाचं निम्मं बोलणं याच विषयावर असतं, त्यामुळे टाळून टाळणार किती?

मध्यंतरी एक सहकारी म्हणाली, ‘वुई आर गोइंग नोव्हेअर फास्ट.’ मला त्यातला ‘फास्ट’ तेवढा ऐकू आला आणि मी मनापासून ‘गुड’ म्हणाले. पलीकडे शांतता पसरली. नंतर तिनंच समजावलं, की आपण नुसती धावपळ करतोय, काम तसूभरही पुढे सरकत नाहीये, असं तिला म्हणायचं होतं.

त्यानंतर मी दोनशे वाक्प्रचारांची यादी पाठ केली. आता कुणी अर्थ विचारला तर सांगू शकते. पण बोलताना एकही तोंडात येत नाही. ऐकताना अर्थ आठवेपर्यंत बोलणारा तीन वाक्यं पुढे गेलेला असतो. तुम्ही हे कसं शिकलात? पाठांतरानं, वाचून, ऐकून, की मराठी म्हणी शेजारी ठेवून? का या फंदात पडूच नये?

अर्धविराम
दोनशेची यादी बाजूला ठेवा. यादीतला शब्द यादीतच भेटतो, बोलण्यात भेटला की ओळख देत नाही.

काना_मात्रा
चांगला धागा. माझा अनुभव सांगतो, जरा लांबण लागेल.

मीही यादीपासूनच सुरुवात केली होती. फरक पडला तो वाक्प्रचारांची घराणी लावायला लागल्यावर. वेगाचे इंग्रजी वाक्प्रचार आकाशातून पडलेले नाहीत. त्या त्या काळात जी वेगवान वाहनं होती, त्यांच्यावरच्या माणसांच्या तोंडून ते आलेत. शीड, घोडा, वाफ आणि मग मोटार. एकदा ते चित्र डोळ्यांसमोर आलं की पाठ करावं लागत नाही.

वाफेचं घ्या. बॉयलर तापायला वेळ लागतो, दाब हळूहळू चढतो, म्हणून एखादं काम रेटा धरू लागलं की ते ‘पिक अप स्टीम’. सगळी वाफ इंजिनाला देऊन जहाज पूर्ण वेगानं पुढे काढायचं, तो हुकूम ‘फुल स्टीम अहेड’. कोळसा संपला, दाब उतरला, की ‘रन आउट ऑफ स्टीम’. हा शेवटचा माणसांनाही लागतो. आपण ज्याला आरंभशूर म्हणतो, त्याची वाफ अर्ध्या वाटेत संपलेली असते. आणि कुणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या बळावर केलं तर ते ‘अंडर युअर ओन स्टीम’. एक बॉयलर डोळ्यांसमोर आणला आणि चार वाक्प्रचार हाती लागले.

शिडाच्या जहाजांनीही असंच घबाड दिलंय. ‘वे’ म्हणजे इथे रस्ता नव्हे, तर पाण्यातून जहाजाला असलेली गती. म्हणून जहाज पुढे सरकलं की ‘मेक हेडवे’, नांगर उचलून निघालं की ‘गेट अंडर वे’. वाऱ्यानं बाजूला ढकललं जातं ते ‘लीवे’. आज ‘लीवे’ म्हणजे मोकळीक, थोडी सूट, पण मूळ तेच. किनारा जवळ असताना बाजूला सरकायला किती पाणी शिल्लक आहे, हा खलाशाच्या जिवाचा प्रश्न असे.

‘ॲट अ रेट ऑफ नॉट्स’ ब्रिटिश लोकांकडून ऐकाल. अर्थ साधा, खूप वेगानं. नॉट म्हणजे खरोखरच गाठ. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला लाकडी फळी बांधून ती पाण्यात सोडायची आणि वाळूचं छोटं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. तो झाला जहाजाचा वेग. आज १ नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर असं पक्कं ठरलेलं आहे, पण त्या शब्दात अजूनही ती दोरी आहे, हे मला फार आवडतं.

पाऊलवाट
काना_मात्रा, किती छान! ‘मेक हेडवे’ मी पाच वेळा पाठ केला आणि पाच वेळा विसरले. आता नाही विसरणार.

निवांत
माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्टच मांडतो. वर आलेलं सगळं वाचायला सुंदर आहे, पण पाऊलवाट यांचा प्रश्न सुटत नाही. त्यांच्या फोनवर दोन-तीन देशांतली माणसं असतात. त्यातल्या निम्म्यांची मातृभाषा इंग्रजी नसणार. तुम्ही ‘रेट ऑफ नॉट्स’ म्हणालात तर त्यांच्यापैकी दोघं तुमच्यासारखीच गोंधळून ‘गुड’ म्हणतील. अशा बैठकीत ‘काम वेळेवर आहे’, ‘दोन दिवस मागे आहोत’, ‘परवानगीसाठी थांबलोय’ एवढं साध्या इंग्रजीत सांगणं हाच समोरच्याचा मान राखणं आहे. वीस वर्षं मी हेच केलं. कुणाचाही गैरसमज झाला नाही.

वेलांटी
निवांत, बोलण्यापुरतं तुमचं पटतं. पण ऐकण्याचं काय? आपण साधं बोलायचं ठरवलं म्हणून समोरचा साधं बोलत नाही. पाऊलवाटची अडचण ऐकण्यापासून सुरू झालीय.

निवांत
हे मान्य. समजायला शिकावं, वापरायची घाई करू नये, असं म्हणतो.

सहज_सुचलं
घाईवरून आठवलं. ‘हरी अप’ म्हणजे लवकर कर. ‘स्पीड अप’ म्हणजे वेग वाढव. मग ‘स्लो अप’ म्हणजे काय? वेग कमी कर! आणि ‘स्लो डाउन’ म्हणजेही तेच. वर जा नाहीतर खाली या, गाडी हळूच.

वेलांटी
मी मराठीला शेजारी बसवून शिकले, आणि तीच वाट मला सगळ्यात जवळची वाटते. आपल्याकडे या प्रांतात काय कमी आहे का?

‘स्टक इन अ रट’ घ्या. रट म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खोल घळ. आणि आपली चाकोरी म्हणजे? अगदी तीच! चाकाच्या जाण्यायेण्यानं पडलेली वाट. इंग्रजीतला माणूस रटमध्ये अडकतो, मराठीतला चाकोरीतून बाहेर पडू बघतो. दोन भाषांनी वेगवेगळ्या मातीत तीच खूण पाहिली आणि तोच अर्थ काढला. हे कळलं त्या दिवशी मला इंग्रजीची भीती वाटेनाशी झाली, खरंच सांगते.

‘बॅक टू स्क्वेअर वन’ म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. ‘हिट अ स्नॅग’ म्हणजे कुठेतरी माशी शिंकली. ‘ग्राइंड टू अ हॉल्ट’ म्हणजे सगळं ठप्प. ‘बॅक ऑन ट्रॅक’ म्हणजे गाडी रुळावर आली. ‘गोइंग ग्रेट गन्स’ म्हणजे घोडदौड. ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ म्हणजे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, आणि निमिष या शब्दाचा मूळ अर्थच पापणीची उघडझाप. ‘होम स्ट्रेच’, म्हणजे शर्यतीतला शेवटचा सरळ टप्पा, याला माझ्या मनात ‘हत्ती गेला, शेपूट राहिलं’ असं आहे. शेपटीपाशी किती वेळ जातो ते काम करणाऱ्यालाच ठाऊक!

अर्धविराम
चाकोरी भारीच. वाचनखूण साठवली.

काना_मात्रा
‘स्नॅग’ची भर घालतो. नदीत वाहून आलेली झाडं तळाशी रुतून बसत आणि त्यांचे बुंधे पाण्याखाली दिसत नसत. अमेरिकेतल्या नद्यांवरून वाफेच्या बोटी चालायच्या, त्या काळात या बुंध्यांवर आपटून बोटी फुटत. तो पाण्याखालचा बुंधा म्हणजे स्नॅग. सगळं सुरळीत चाललंय असं वाटतानाच खालून दणका बसतो, ही त्यातली खरी गोष्ट. आपली माशी शिंकते ती हवेत आणि कारण सापडत नाही. स्नॅगला कारण असतं, ते शोधून बाहेर ओढायचं असतं.

वेलांटी, तुझी पद्धत मला आवडते, पण एक सावधगिरी. मराठी शेजारी बसवली की काही वेळा ती कानात चुकीचं सांगते. माझी तीन-चार वेळा फसगत झाली आहे.

‘ब्रेकनेक स्पीड’. मला वाटायचं, मान मोडून काम करणं. आपल्याकडे मान मोडून अभ्यास करणारा मुलगा गुणी असतो. इंग्रजीत मान मोडते ती पडून! इतक्या बेफाम वेगानं की कोसळलात तर मान मोडेल. कौतुकापेक्षा त्यात धोक्याची सूचना जास्त आहे.

‘ड्रॅग युअर फीट’ म्हणजे स्वतःचे पाय ओढत चालणं, मुद्दाम वेळ काढणं, चालढकल. मराठीत पाय ओढतो तो दुसऱ्याचे. आपण ज्याला पाय ओढणं म्हणतो, ते इंग्रजीत ‘पुल समवन्स लेग’ असेल असं वाटतं, तर ती नुसती थट्टा! प्रगती कुणाचीच अडत नाही. पायांचा हा गोंधळ सुटायला मला काही महिने लागले.

आणि गोगलगाय. ‘ॲट अ स्नेल्स पेस’ म्हणजे अतिशय हळू. आपल्याकडे हळू चालायचं काम कासवाचं. गोगलगाय मराठीत वेगळ्याच कामावर आहे, ‘गोगलगाय आणि पोटात पाय’. वरून गरीब, आतून बेरकी. त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आतल्या गाठीचा आहे असं सांगताहेत.

पाऊलवाट
अय्या, हे तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मान मोडून काम करतेय असं सांगायला मी पुढच्याच आठवड्यात ‘ब्रेकनेक’ वापरणार होते!

रेघोट्या
थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

‘फास्ट’ हा शब्द मुळात वेगाचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घट्ट, पक्का. तो अर्थ अजून जिवंत आहे. ‘फास्ट कलर’ म्हणजे धुतल्यावर न जाणारा पक्का रंग. ‘होल्ड फास्ट’ म्हणजे घट्ट धरून ठेव. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. वेगात झोपलेला नव्हे! उपवासाचा ‘फास्ट’ही याच मुळाचा, निश्चय पक्का धरून ठेवणं. घट्ट, मग जोरानं, मग जोरानं पळणं, असा त्याचा प्रवास झाला.

त्याहून सुंदर गोष्ट ‘स्पीड’ची. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ यश, भरभराट. वेग हा अर्थ पुढे जास्त रुळला. म्हणून ‘गॉडस्पीड’ म्हणजे देवाचा वेग नाही, तर देव तुला यश देवो. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा त्यांचे सहकारी अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर म्हणाले, ‘गॉडस्पीड, जॉन ग्लेन.’ रॉकेटवर बसलेल्या माणसाला वेगाच्या शुभेच्छा कोण देईल? तो आशीर्वाद होता. यशस्वी हो.

आता ‘मोअर हेस्ट, लेस स्पीड’ ही म्हण पुन्हा वाचा. घाई जास्त आणि वेग कमी, हे कोडं वाटतं ना? स्पीडच्या जागी यश ठेवा. घाई जास्त, यश कमी. कोडं सुटलं.

वेलांटी
रेघोट्या, काय सुरेख लिहिलंस. म्हणजे धाग्याच्या मथळ्यातले वेग आणि प्रगती एकेकाळी एकाच शब्दात नांदत होते तर.

सहज_सुचलं
रच्याकने, हा ‘रच्याकने’ पण बघा ना! ‘बाय द वे’चं आपण रस्त्याच्या कडेनं केलं आणि त्याचंही आखूड रूप केलं. शब्दशः भाषांतराची गंमत मराठी जालावर केव्हाच रुजलीय. इंग्रजांना कुणी तरी ‘माशी शिंकली’ शब्दशः ऐकवायला हवं.

निवांत
धागा हेडवे सोडून लीवेवर चाललाय असं दिसतं.

काना_मात्रा
वा! आताच म्हणत होतात ना, वापरायची घाई करू नये?

निवांत
इथे सगळ्यांना समजतं, म्हणून वापरला. माझा मुद्दा तोच होता.

खडूफळा
उशिरा येतेय, पण विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे, त्यामुळे राहवत नाही. मी मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. वर चित्रांबद्दल आणि मराठीशी जोडण्याबद्दल जे आलं ते मीही वर्गात करते. त्याखेरीज दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण त्या कुठल्याच यादीत नसतात.

पहिली, वाक्प्रचाराचा सूर. नुसता अर्थ माहीत असून भागत नाही, त्यात कौतुक आहे की तक्रार, हे कळायला हवं. ‘कट कॉर्नर्स’ बघा. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी अभिमानानं सांगतं, वेळ वाचवण्यासाठी आम्ही कॉर्नर्स कट केले. त्यांना म्हणायचं असतं, जवळची वाट काढली. ऐकणाऱ्याला कळतं, कामात कसूर केली. ‘जंप द गन’ तसंच. शर्यत सुरू करणाऱ्या पिस्तुलाचा बार व्हायच्या आधीच पळालात. चपळाई नव्हे, उतावीळपणा. याउलट ‘हिट द ग्राउंड रनिंग’ म्हणजे जमिनीला पाय टेकताक्षणी धावायला लागणं, आणि हे शंभर टक्के कौतुक आहे. ‘विन हँड्स डाउन’ही कौतुकच. घोडा इतका पुढे असतो की स्वाराला लगाम ताणायची गरजच उरत नाही, हात खाली सोडूनही तो जिंकतो. दिसायला सगळे वेगाचेच, पण कोणता कुणाला लावायचा हे सुरावर ठरतं.

‘गेट अप टू स्पीड’ हा आणखी एक. ‘ब्रिंग मी अप टू स्पीड’ असं वरिष्ठांनी म्हटलं की नवीन माणूस धास्तावतो, मला भराभर काम करायला सांगताहेत का? ते एवढंच म्हणत असतात, की आत्तापर्यंत काय झालं ते मला सांग. वेगाचा संबंध इतकाच, की गाडी आधीच चालू आहे आणि त्यांना तिच्याबरोबर यायचंय.

दुसरी गोष्ट, वाक्प्रचार गोठलेला असतो. त्यातला एक शब्दही हलवता येत नाही. ‘बाय लीप्स अँड बाउंड्स’ म्हणजे झपाट्यानं प्रगती. लीप म्हणजे उडी, बाउंड म्हणजेही उडी. पण ‘बाय अ लीप अँड अ बाउंड’ म्हटलंत की ऐकणारा थबकतो. व्याकरणात चूक नाही, पण कानाला चूक आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना वाक्प्रचार कधी एकटा लिहू देत नाही. पूर्ण वाक्य लिहा, ज्याच्या तोंडून ऐकलं त्याचं. कोण, कुणाला, कशाबद्दल म्हणालं, हे शेजारी.

आणि नियम एकच. तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकल्याशिवाय वापरायचा नाही. तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत सूरही कानात बसलेला असतो.

पाऊलवाट
खडूफळा मॅडम, ‘तीन वेळा ऐकल्याशिवाय नाही’ हे मी लिहूनच ठेवलंय. माझी चूक इथेच होत होती, यादीत वाचला की लगेच वापरायला बघत होते.

वेलांटी
सुराबद्दल एकदम पटलं. मला ‘डाउनहिल’नं फार छळलंय. ‘थिंग्ज वेंट डाउनहिल’ म्हणजे सगळं बिघडत गेलं, उतरती कळा लागली. मग ‘इट्स ऑल डाउनहिल फ्रॉम हिअर’ असं कुणी हसून म्हणालं, तर ते चांगलं की वाईट?

निवांत
दोन्ही. चढ संपला, आता सोपं आहे, असाही अर्थ आणि आता घसरणच आहे, असाही. सांगितलं ना, साधं बोलावं.

खडूफळा
दोन्ही अर्थ चालतात हे खरं. पण संदर्भ सांगतो. अवघड टप्पा नुकताच पार पडला असेल तर सोपं. कशाचा तरी बहर ओसरत असेल तर घसरण. चढाला मात्र दोन अर्थ नाहीत, ‘अपहिल टास्क’ नेहमीच दमवणारं.

अर्धविराम
‘गेट ऑन लाइक अ हाउस ऑन फायर’ राहिला. दोघांचं घर पेटल्यासारखं जमलं म्हणजे भेटताक्षणी मैत्री झाली. पूर्वी मी भांडण समजायचो.

रेघोट्या
लाकडी घर पेटलं की आग जशी भराभर पसरते, तशी मैत्री पसरली. वेगच आहे तो, पण आपल्याला आधी नुकसान दिसतं.

काना_मात्रा
मॅडमनी गोठलेपणाचं म्हटलं, त्यावरून एक आवडता सांगतो. ‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’. स्टॉप म्हणजे थांबा, मग ते बाहेर ओढून वेग कसा वाढेल? हे स्टॉप मोठ्या पाइप ऑर्गनचे. एकेक खुंटी ओढली की एकेका नळ्यांच्या संचात हवा जायला लागते. सगळ्या ओढल्या की वाद्य पूर्ण ताकदीनं गर्जतं. पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच कळेल, पुढच्या खुंट्या ओढल्या की आवाज कसा भरतो ते त्यांच्या हाताला माहीत असतं. म्हणजे हातचं काहीही राखून न ठेवता केलेला प्रयत्न. थांबा हा अर्थ डोक्यातून काढला नाही तर हा वाक्प्रचार जन्मात लक्षात राहणार नाही.

सहज_सुचलं
मी पेटी शिकतोय. आता उद्या खुंटी ओढताना इंग्रजी आठवणार.

वेलांटी
कुणी ‘ऑन द बॅक बर्नर’ला चांगली मराठी जोडी सांगेल का? मी भिजत घोंगडं म्हणते, पण पूर्ण समाधान होत नाही.

रेघोट्या
नाही होणार, कारण त्यांचे स्वभाव वेगळे. चुलीच्या मागच्या बाजूला ठेवलेलं भांडं कुणीतरी ठरवून मागे सरकवलेलं असतं. मंद आचेवर आहे, वेळ आली की पुढे घेऊ. भिजत घोंगडं कुणी ठरवून ठेवत नाही, ते तसंच पडून राहतं आणि दिवसेंदिवस जड होतं. निर्णय झाला असेल तर बॅक बर्नर, निर्णयच होत नसेल तर घोंगडं.

निवांत
हा प्रतिसाद फार आवडला. आता माझ्याकडूनही एक. प्रगती अडवण्यासाठी इंग्रजीत ‘पुट अ स्पोक इन समवन्स व्हील’ म्हणतात, आपण खीळ घालणं म्हणतो. दोन्हीत लाकडाचा एक छोटा तुकडा सगळा गाडा थांबवतो.

पाऊलवाट
मंडळी, पाच आठवड्यांनी परत आलेय. धागा वर काढल्याबद्दल रागावू नका, मूळ प्रश्नाचं काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

यादी बंद केली. एक वही केली. बैठकीत कानावर पडलेला वाक्प्रचार पूर्ण वाक्यासकट लिहायचा, शेजारी कोण म्हणालं ते आणि सूर कसा होता ते. खाली काना_मात्रांचं चित्र, म्हणजे घोडा की जहाज की गाडी. मग वेलांटीसारखी मराठी जोडी, आणि ती नीट बसत नसेल तर कुठे बसत नाही तेही. रेघोट्यांचं घोंगडं वाचल्यापासून हा शेवटचा रकाना मला सगळ्यात जास्त शिकवतोय. पाच आठवड्यांत एकूण एकोणीस झाले. दोनशेपुढे फारच कमी, पण हे एकोणीस माझे आहेत.

निवांत, तुमचंही ऐकलं. बोलताना मी साधंच बोलते. एकोणीसपैकी वापरलेत फक्त तीन, जे तिघांकडून ऐकले तेच.

आणि काल त्याच सहकारीचा फोन होता. म्हणाली, ‘वुई आर जस्ट मार्किंग टाइम.’ हा माझ्या वहीत नव्हता. पण ‘मार्क टाइम’ शाळेतल्या कवायतीत मी शेकडो वेळा ऐकलाय! कदमताल. पाय जोरात हलताहेत, धूळ उडतेय आणि माणूस जागच्या जागी. आठवावं लागलंच नाही, ती बोलत असतानाच चित्र दिसलं. मी लगेच विचारलं, ‘व्हॉट्स द स्नॅग?’ एका परवानगीपाशी अडलं होतं. अर्ध्या तासात दोघींनी मिळून ती मागवली.

खडूफळा
पाऊलवाट, वाचून डोळे भरून आले. कवायतीतला ‘मार्क टाइम’ माझ्याही कधी लक्षात आला नव्हता, उद्या वर्गात घेते.

निवांत
अभिनंदन. वापरलेल्या तीन वाक्प्रचारांपैकी ‘स्नॅग’ कळला, दुसरा आणि तिसरा कुठला ते सांगा.

पाऊलवाट
‘अप टू स्पीड’ आणि ‘बॅक ऑन ट्रॅक’. ‘हेडवे’ अजून दोघांकडूनच ऐकलाय.

काना_मात्रा
मला मोजलं नाही का? इथे मीही लिहिलाय.

पाऊलवाट
लिहिलेला धरत नाही, ऐकलेला हवा! पण तुमचा आवाज वहीत वेगळा नोंदवलाय.